नागिणीची लस मला चालत नाही

१४ मार्च २००८

ही वही दवाखान्याची. पुण्याहून सोडताना सिस्टरनं हातात दिली आणि बजावलं, रोजचा ताप, रोजच्या गोळ्या, जुलाब झाले तर किती वेळा, सगळं लिहायचं. चार महिने इमानदारीनं लिहिलं. आता ताप नाही, जुलाबही नाहीत. उरलेल्या कोऱ्या पानांचं काय करायचं? म्हणून आजपासून बाकीचं लिहितो.

नाव गणपती. बापानं छप्पन सालाच्या आधी ठेवलं. दीक्षा घेतली तेव्हा देव सगळे बाहेर काढले, माझं नाव बदलायचं तेवढं राहिलं. पुण्याच्या वॉर्डात एक म्हातारी रोज सकाळी माझ्या कॉटकडं बघून हात जोडायची. शेवटी म्हटलं, आजी, माझंच विसर्जन व्हायची वेळ आलीय, माझ्याकडं काही मागू नका.

तेहतीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होतो. निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत कंबर धरली. तपासलं तर हाडाच्या आतला, रक्ताचा कॅन्सर. नोव्हेंबरात पुण्यात ट्रान्सप्लांट झालं. लोक विचारतात, कुणाचं काय बसवलं? कुणाचं काही नाही. माझ्याच रक्तातल्या मूळ पेशी काढल्या, गोठवून ठेवल्या, मग जहाल औषध सोडून मला आतून धुऊन रिकामा केला आणि माझ्याच पेशी मला परत घातल्या. डेपोत इंजिन उतरवून, साफ करून त्याच गाडीत बसवतात, तसं. फरक इतकाच की इंजिनाच्या तोंडात फोड येत नाहीत आणि ते बायकोवर वसवस करत नाही.

बायको म्हणजे मीनाबाई. आजही तिनं माझ्या गोळ्या मोजल्या. रोज मोजते. काय वाटतं तिला, मी विकतोय?

२ एप्रिल

पुण्याला तपासणी. रिपोर्ट चांगला. पण बाकड्यावर आकाराम भेटला, नेसरीचा. माझ्या शेजारच्या कॉटवर होता, त्याचं ट्रान्सप्लांट माझ्याआधी. अर्ध्या कपाळावर खपल्या, एक डोळा सुजून बंद.

"काय रं हे?"

"नागीण. गणपा, वाऱ्यानं केस हालला तरी इस्तरी ठेवल्यासारखं हुतंय बघ. क्यान्सर परवडला."

हा गडी पैलवान. केमोच्या वेळी नर्सला विनोद सांगायचा. आज माझा हात धरून बसला आणि सोडेना.

परत येताना साताऱ्यापर्यंत मी बोललो नाही. मीनाबाईला वाटलं मला गाडी लागली. तेहतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला गाडी लागेल का?

९ मे

सहा महिने झाले. त्या धुण्यात लहानपणीच्या लसींची आठवणसुद्धा रक्तातून धुऊन जाते म्हणे, म्हणून पहिल्यापासून टोचून घ्यायचं. लसी मिळतात बाळांच्या दवाखान्यात, म्हणून तिथं गेलतो. चौदा बाळं आणि मी. काउंटरवरची पोरगी मान वर न करता म्हणाली,

"बाळाचं नाव?"

"गणपती."

"वय?"

"एकोणसाठ."

तिनं मान वर केली. टोचल्यावर मी ओरडलो नाही. चौदाही ओरडली.

तिथून डॉक्टर रुचिता चौगुल्यांकडं. कोल्हापुरात माझं सगळं त्याच बघतात. वयानं माझ्या सोनमएवढ्या, पण बोलताना हेडमास्तर. विचारलं, एवढ्या लसी टोचताय, तर नागिणीची का नाही?

"काका, तुम्हाला लहानपणी कांजण्या आल्या होत्या ना? तो विषाणू जात नाही. नसांच्या मुळाशी झोपून राहतो. अंगातला पहारा ढिला पडला की उठतो. तीच नागीण. तिची लस अमेरिकेत निघालीय, आपल्याकडं आलेली नाही. आणि आली असती तरी तुम्हाला चालली नसती. तुम्हाला तिच्यासाठीच सकाळ-संध्याकाळची गोळी आहे, ती सोडायची नाही."

बाहेर आप्पासो थांबलेला. हा माझा शाळेपासूनचा दोस्त, गडमुडशिंगीचा, जैन, खताचं दुकान. त्याला सांगितलं.

"आपल्याकडं मिळंना की डॉक्टर लोकं म्हणत्यात, तुला चालत न्हाय," आप्पासो म्हणाला. "आमचा ऋषभ न्यू जर्सीत हाय की. जूनमधी येतोय. आणंल."

मला पटलं. मलाही तसंच वाटत होतं.

१४ जून

लस आली! ऋषभनं तिथल्या ओळखीच्या डॉक्टरकडून मिळवली, थर्मासात बर्फ भरून त्यात घालून आणली. मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत मांडीवर. लहान पोर असतं तर एवढं सांभाळलं नसतं.

कागदावर लिहिलंय म्हणे, गोठवूनच ठेवायची. घरातला फ्रीज पुरत नाही. आप्पासोच्या ओळखीत असला फ्रीज एकच, मासळीवाल्याचा. ज्या माणसानं जन्मात अंडं फोडलेलं नाही तो आज सुरमईच्या शेजारी माझी लस ठेवून आला.

"तोंडाला रुमाल बांधून उभा ऱ्हायलो गणपा. वास ऱ्हाऊ दे, गावातलं कोण बघितलं असतं तर काय सांगितलं असतं मी?"

१६ जून

लस घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडं. मला वाटलं शाबासकी देतील. डबी उघडून वाचली आणि कपाळाला हात लावला.

"अमेरिकेपासून फ्लास्कात? ही केव्हाच वितळली काका. आता हे पाणी आहे. आणि वितळली ते बरं झालं."

मग समजावलं. त्या लसीतला विषाणू जिवंत असतो, दमवून दुबळा केलेला. "धडधाकट म्हाताऱ्याच्या अंगात तो म्हणजे दमलेला पैलवान. तालमीतली पोरं त्याला लोळवतात आणि डाव शिकतात. तुमच्या तालमीत अजून पोरंच नाहीत. तिथं दमलेला गडीसुद्धा सगळ्यांना चीत करेल. लसीनंच आजार व्हायचा."

"मग मेलेल्याची लस करा की."

"करून बघितलीय बाहेर, ट्रान्सप्लांट झालेल्यांवरच. थोड्या लोकांवर, पण नागीण कमी आली. औषध म्हणून अजून मिळत नाही. मिळेल कधीतरी. तोवर गोळी."

म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त भीती, त्यालाच लस बंद. वा रे कारभार. अपंगांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर असतं, तसलाच प्रकार.

आप्पासो बाहेर येऊन म्हणाला, "म्हंजे मी त्या माशांपुढं फुकट उभा ऱ्हायलो?"

२१ जून

आज पाचवा दिवस, ती गोळी घेत नाही. मीनाबाईपुढं तोंडात घालतो, ती वळली की मोरीत.

मला भीती नाही असं नाही. पण गोळी घेतली की दिवसभर मळमळतं आणि जेवणावर वासना राहत नाही. आणि सात महिने झाले, मी ठणठणीत आहे. गाडी नीट चालली असताना बॉनेट उघडायचं नसतं. डॉक्टरांना गोळीचं काय, लिहून दिली की झालं.

मीनाबाईनं मोजल्या. बरोबर भरल्या. खूश.

६ जुलै

सोनम आली, बाळंतपणाला. नववा लागलाय. जावई प्रसेनजीत सोडून गेला. तो इथं कोल्हापुरात शाळेवर, कबनूरहून रोज ये-जा करतो. गरीब माणूस. आमच्या सोनमपुढं तर फारच.

घर भरलं. ती माझ्या शेजारीच बसते, दिवसभर मला वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि पानापानावर सरकारला शिव्या घालते. रक्त माझंच.

पोटावर माझा हात ठेवून म्हणाली, "पप्पा, लाथ बघा." बघितली. ड्रायव्हर होणार.

१४ जुलै

डाव्या बरगडीखाली आग होतेय. काल सोनमनं हट्टानं तांबडा रस्सा करायला लावला, त्याचा परिणाम. पित्त.

१५ जुलै

पित्त नाही. गादीत कापूस गोळा झालाय, तो टोचतो. मीनाबाईला म्हटलं गादी पिंजून घे. म्हणाली, दोन महिन्यांमागं पिंजलीय. कापूसवाला चोर.

१६ जुलै

सदरा लागला तरी आग. पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यासारखं. फक्त डावीकडं. ड्रायव्हर सीटवर उजवीकडं वळून बसायची सवय, ताणलं असेल जुनं काहीतरी. सोनम म्हणाली तेल लावते. नको म्हटलं. का नको म्हटलं कुणास ठाऊक.

१७ जुलै

मोरीत आरशासमोर सदरा वर केला.

पुरळ. तांबड्या पट्ट्यावर पाण्याचे दाणे, द्राक्षाच्या घडासारखे. पाठीकडून निघून पुढं आलेत.

सदरा खाली केला आणि बाहेर येऊन चहा प्यालो. घामोळं असेल. जुलैत घामोळं येत नाही हे मला माहीत आहे.

१८ जुलै, सकाळ

डॉक्टरांकडं गेलो तर पहिला प्रश्न, गोळी चालू आहे ना? आणि ॲडमिट करणार. पुन्हा काचेची खोली, पुन्हा हाताला सुया. सोनमचं बाळंतपण तोंडावर. नाही जाणार.

दुपार

आता जे लिहितोय ते कुणी वाचू नये. मी तानाबाईकडं गेलतो.

तानाबाई मागच्या गल्लीतली म्हातारी, नागिणीवर काव, म्हणजे गेरू, लावते आणि तोंडानं काहीतरी पुटपुटते. तिच्याविरुद्ध मी जयंतीच्या स्टेजवरून दोनदा भाषण केलंय. माईकवरून. लोक म्हणतात नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो, त्याची मी नक्कलही करून दाखवलेली.

आणि आज मी तिच्या दारात उभा, गल्लीत कुणी बघत नाही ना हे बघत.

"या डायवर. भाषाण करायला आलाय व्हय?"

सदरा वर केला. ती वाकून बघत राहिली. गेरूची वाटी शेजारीच होती, पण हात लावला नाही.

"कवापासनं?"

"चार दीस आग. दाणं कालपासनं."

"तुमचं रगात पुण्यास्नं धुऊन आणलंय म्हनं."

"व्हय."

"मग मी हात लावणार न्हाय. धडधाकट माणसाची नागीण आपल्या पायानं जाती, मी आपली काव लावून त्येला धीर देती. माझं काम तेवढंच. तुमची जायाची न्हाय. दवाखान्यात जावा."

म्हातारीनं तीस वर्षांचं गुपित मला असं दारात सांगून टाकलं आणि मला त्याचा आनंदही होईना.

मग तिनं विचारलं, "सोनी भरल्या पोटाची हाय न्हवं घरात? तिला कांजण्या यिऊन गेल्यात का?"

"ते कशाला?"

"आवं, ह्या पाण्यातनं दुसऱ्याला नागीण येत न्हाय, कांजण्या येत्यात. माझ्या जावंच्या सुनंला बाळंतपणात आलत्या. पोर दगावलं. सोनीला आल्यात का न्हाईत?"

मला माहीत नव्हतं.

कोल्हापूर ते नेसरी मधले सगळे थांबे मी झोपेत सांगेन. कुठल्या थांब्यावर कोण म्हातारी हात करते, तेही. माझ्या पोरीला कांजण्या आल्या होत्या की नाही, मला माहीत नाही. बारा दिवस ती माझ्या शेजारी बसून वर्तमानपत्र वाचतेय.

१९ जुलै, दवाखाना

काल घरी आलो तो दारातच थांबलो. सोनमला म्हटलं, आत जा, माझ्याजवळ येऊ नको. मीनाबाईला बाहेर बोलावलं.

"सोनमला कांजण्या आल्या हुत्या का?"

"न्हाय. गल्लीतल्या सगळ्या पोरास्नी आलत्या तवा मी तिला भावाकडं घिऊन गेलती. तुमी मुक्कामाच्या गाडीवर हुता. का?"

सदरा वर केला. मग गोळ्यांचंही सांगितलं. मोरीचं.

मला वाटलं ती ओरडेल. तिनं एकदाच माझ्या तोंडाकडं बघितलं, आत गेली आणि सोनमची बॅग भरायला लागली. अर्ध्या तासात आप्पासोची जीप आणून दोघी कबनूरला गेल्या, सासरी. पहिलं बाळंतपण सासरी. व्याही काय म्हणतील? जीपच्या काचेतून सोनम बघत होती. मी लांब, नळापाशी उभा. हात करावा की नाही ते कळेना, कारण हातच तर लावायचा नव्हता.

डॉक्टर रुचितांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही आठ महिने काढलेत. मी तुम्हाला मारू का?" म्हटलं, मारा. त्यांनी सलाइन लावलं.

सोनमचं रक्त मुंबईला जाणार. कांजण्यांशी तिच्या रक्ताची आधी गाठ पडलीय का, ते कळेल. तीन दिवस. पडली नसेल तर तिला वेगळं इंजेक्शन, आणि तरी खात्री नाही.

२० जुलै

खोलीत एकटाच. आग अशी की चादर अंगावर ठेवता येत नाही. आकाराम खोटं बोलत नव्हता.

आप्पासो डबा घेऊन येतो. म्हटलं, तू येऊ नको, तुला काय झालं म्हणजे? म्हणाला, "मला सगळं यिऊन गेलंय. कांजण्या, गोवर, लगीन."

मीनाबाईचा फोन नाही.

२१ जुलै

डबा बरा होता. वांगं, भाकरी, लसणाची चटणी. आप्पासोच्या घरात लसूण कधीपासून खायला लागले कुणास ठाऊक. जैन लोकही सुधारले.

विचारलं, मीनाचा काही निरोप? म्हणाला, "न्हाय बा," आणि खिडकीबाहेर बघायला लागला. माझ्यावर तिचा राग आहे, आणि बरोबर आहे. छत्तीस वर्षांत ती माझ्यावर एवढा वेळ गप्प राहिलेली नाही.

२२ जुलै

रिपोर्ट आला नाही. मुंबईत पाऊस.

मी देव मानत नाही. आज मानत असतो तर काहीतरी कबूल करायला बरं पडलं असतं. तसं काही नसल्यामुळं नुसताच पडून राहिलो. सिस्टरला विचारलं, किती वाजले? तिनं सांगितलं. पुन्हा विचारलं. तेवढेच वाजले होते.

२३ जुलै

डॉक्टर दारातूनच म्हणाल्या, "आहे! तिच्या रक्तात आहे. तिला कधीतरी येऊन गेल्यात."

मग तिथंच मीनाबाईला फोन लावून दिला. पाच दिवसांनी आवाज ऐकला.

"भावाकडं आसताना हिच्या पाठीवर दोन फोड आलतं. मी म्हंटलं डास चावला," ती म्हणाली. मग पुन्हा, "आवं, मी डास म्हंटलं."

"बरं झालं म्हटलंस."

"गोळी घेतली का?"

"घेतली."

"सिस्टरला द्या फोन."

दिला. तिनं सिस्टरकडून खात्री करून घेतली.

३० जुलै

घरी सोडलं. खपल्या धरल्यात. घर रिकामं. मीनाबाई कबनूरलाच. तिथं राहा म्हणून मीच सांगितलं, आणि ती राहिली हे मला आवडलं नाही.

प्रसेनजीत शाळेतून येता येता दारात डबा ठेवून, लांबूनच हाक मारून जातो. म्हणतो, आप्पासोकाकांनी दिलाय. ठेचा अगदी मीनाच्या हातासारखा. चोरून शिकली असणार आप्पासोची बायको.

९ ऑगस्ट

मुलगी झाली. इचलकरंजीत, दवाखान्यात. पावणेतीन किलो. दोघी सुखरूप. प्रसेनजीत फोनवर रडत होता, सोनम मागून त्याला ओरडत होती. म्हणजे ठीक आहे.

आप्पासोनं पेढे आणले. त्याला म्हटलं, मी अजून जात नाही, खपल्या पडू दे सगळ्या. डॉक्टर म्हणाल्या चालेल आता, तरी. एकदा मी माझ्या मनानं ठरवून बघितलंय.

१३ ऑगस्ट

आकारामला फोन केला. डोळ्यानं अंधुक दिसतं म्हणाला. त्याला माझं सगळं सांगितलं, तानाबाईसकट. इतका हसला की त्याला दुखायला लागलं. मग म्हणाला, "आरं, माझ्या गोळ्या संपल्या आन मी परत आणल्याच न्हाईत. तुला सांगायची लाज वाटली." एप्रिलात सांगितलं असतं तर? मी ऐकलं असतं का? लिहायला हरकत नाही, नसतं ऐकलं.

२४ ऑगस्ट

आज कबनूर.

शेवटची खपली सोमवारी गेली. डॉक्टरांना दाखवून, त्यांच्याकडून शब्द घेऊन निघालो. आग मात्र गेलेली नाही. नस भाजलीय, महिने लागतील, कदाचित वर्ष. कातडी स्वच्छ, आत शेगडी.

दारात मीनाबाई. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "वाळलाय." एवढंच. मग आत जाऊन पाणी आणलं आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहिली.

सोनम कॉटवर, शेजारी दुपट्यात गुंडाळलेलं ते. मी पुढं झालो तर म्हणाली,

"पप्पा, थांबा. आधी सदरा वर करा."

व्याही बसलेले, विहीणबाई बसलेल्या, प्रसेनजीत भिंतीला टेकून. मी सदरा वर केला. तिनं उजेडाकडं वळवलं, चष्मा लावला आणि पाठीपासून पोटापर्यंत एकेक डाग बघितला. तेहतीस वर्षांत तिकीट तपासनीसानंसुद्धा माझी गाडी एवढी तपासली नाही.

"गोळी?"

खिशातून पाकीट काढून दाखवलं. तिनं मोजल्या. आईची पोर.

"बसा," म्हणाली, आणि उचलून माझ्या मांडीवर दिली.

एवढंसं तोंड, पिकलेल्या टोमॅटोसारखं. डोळे बंद. वाटलं झोपलीय. तेवढ्यात तिनं पाय झाडला आणि टाच नेमकी डाव्या बरगडीखाली बसली. आकारामची इस्तरी काहीच नाही. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी हललो नाही. तिनं पुन्हा लाथ मारली, पुन्हा तिथंच.

मीनाबाई म्हणाली, "डोळ्यात पाणी आलंय तुमच्या."

म्हटलं, "नागीण दुखतीय."

"व्हय, व्हय," ती म्हणाली. सगळ्यांनीच मान हलवली. आता खरंच दुखत होतं तर कुणी विश्वास ठेवायला तयार नाही.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, दुखलं तर बाळ उजव्या हातावर घ्या. सोनमही म्हणाली, बाजू बदलून देऊ का?

नको म्हटलं. झोप लागत होती तिला.